मंडळीतला विश्वास विकायचा नाही: नेटवर्क मार्केटिंग करणाऱ्या ख्रिस्ती माणसासाठी

उपासना संपली की चर्चच्या पायऱ्यांवर आम्ही बायका दहा-पंधरा मिनिटं रेंगाळतोच. कुणाच्या मुलीची परीक्षा, कुणाच्या सासूचं ऑपरेशन, नाताळच्या कार्यक्रमाची तालीम. सहा वर्षांपूर्वीच्या एका रविवारी मी पायऱ्या उतरत होते आणि आमच्या मंडळीतल्या एक काकू मला बघून बाजूच्या दाराने निघून गेल्या. लहानपणी संडे स्कूलमध्ये त्यांनीच माझ्याकडून वचनं पाठ करून घेतली होती. त्यांच्या घरी माझ्याकडून घेतलेले प्रोटीन पावडरचे तीन डबे होते, २,४०० रुपये उधारी होती आणि माझं महिन्याचं क्लोजिंग, म्हणजे विक्रीचा आकडा पुरा करायची शेवटची तारीख, दोन दिवसांवर आलं होतं. मी काय विचारणार हे त्यांना माहीत होतं.

मी मिरजेजवळ वानलेसवाडीत राहते. घरगुती वापराच्या आणि आरोग्याच्या वस्तू विकणाऱ्या एका कंपनीचं काम नऊ वर्षं करते आहे. आजही करते, पण त्या रविवारनंतर ज्या रीतीने करते ती रीत पहिल्या तीन वर्षांच्या रीतीपेक्षा फार वेगळी आहे. ती घडवताना पाळकसाहेबांशी बोलले, नवऱ्याबरोबर हिशेबाला बसले, कायदा वाचून घेतला आणि पवित्र शास्त्र पुन्हा उघडलं. सांगली-मिरज, कुपवाड, जत, तासगावकडच्या आपल्या मंडळ्यांमध्ये बरेच जण या कामात आहेत, म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते.

आधी एक शब्द. देवावरच्या श्रद्धेला आपण मराठीत विश्वास म्हणतो. उधार देणारा दुकानदार गिऱ्हाइकावर ठेवतो त्यालाही विश्वासच म्हणतो. आपण स्वतःला विश्वासणारे म्हणवतो. नेटवर्क मार्केटिंगमध्ये दुकान नसतं, पाटी नसते, माल ओळखीवर खपतो, आणि आपण जोडलेल्या माणसांच्या विक्रीवरही आपल्याला कमिशन मिळतं. चर्चमधल्या काकूंनी माझा डबा घेतला तो पावडर पारखून घेतला नव्हता. "ही आपली पोरगी आहे, खोटं कशाला बोलेल," एवढ्यावर घेतला. तो भरवसा मी कमावलेला नव्हता. तो मंडळीने एकमेकांना दिलेला होता, आणि मी त्यावर कमिशन घेत होते.

पहिली पायरी: योजना मुळात धरण्यासारखी आहे का ते बघा

प्रार्थना करून निर्णय घ्या असं सगळेच सांगतात. प्रार्थना कराच, पण कागदही वाचा. देवाने डोळे त्यासाठीही दिले आहेत.

आपल्याकडे ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियम, २०२१ लागू आहेत. २८ डिसेंबर २०२१ ला ते अधिसूचित झाले. त्यानुसार पिरॅमिड योजना, म्हणजे नव्या माणसांच्या भरतीवरच पैसे देणाऱ्या योजना, आणि पैसे फिरवण्याच्या योजना चालवायला बंदी आहे. सामील होण्यासाठी प्रवेश फी घेता येत नाही. विक्रेत्याबरोबर लेखी करार हवा. करारातून विनादंड बाहेर पडण्यासाठी ठरावीक मुदत हवी आणि न खपलेला, विकण्याजोगा माल परत घेण्याची सोय हवी. कंपनीकडे तक्रार निवारण अधिकारी हवा. तक्रार आली की कामकाजाच्या ४८ तासांत पोच आणि साधारण महिन्याभरात निकाल मिळायला हवा. पैसे फिरवण्याच्या योजनांवर तर १९७८ पासून केंद्राचा वेगळा बंदी कायदा आहे.

तुमच्या अपलाइनला, म्हणजे तुम्हाला या कामात जोडणाऱ्या वरच्या माणसाला, सरळ विचारा: मी एकाही माणसाला जोडलं नाही, नुसता माल विकला, तर मला पैसे मिळतील का? आणि उलट, एकही डबा बाहेरच्या गिऱ्हाइकाला न विकता नुसती माणसं जोडली, तर मिळतील का? पहिल्याचं उत्तर "नाही" आणि दुसऱ्याचं "हो" असेल, तर तिथेच थांबा. "आधी साडेआठ हजारांचं किट घ्या, मग आयडी (विक्रेता म्हणून नोंदणी) सुरू होईल," असं कुणी म्हणालं तरी थांबा. किट हा प्रवेश फीचाच दुसरा वेश आहे.

फळ्यावरचं गणित घरी स्वतः मांडून बघा. मीटिंगमध्ये सांगतात, तुम्ही फक्त सहा जण आणा, ते सहा प्रत्येकी सहा आणतील. सहा, छत्तीस, २१६, १,२९६, ७,७७६. इथपर्यंत फार सोपं वाटतं. सातव्या पातळीला २,७९,९३६ माणसं लागतात, आठव्या पातळीला १६,७९,६१६. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत पाच लाखांच्या आसपास होती. नवव्या पातळीला एक कोटीच्या वर माणसं लागतात आणि अख्ख्या सांगली जिल्ह्याची तेव्हाची लोकसंख्या २८ लाख. म्हणजे कुणीतरी शेवटचा राहणारच, आणि त्याच्या खाली कुणी नसणार. आपल्या मंडळीत शंभर-सव्वाशे घरं असतात. तिथे शेवटचा माणूस तिसऱ्या रविवारीच येतो, आणि तो आपल्या बाकावर बसलेला असतो.

नर्स, शिक्षक, सरकारी किंवा निमसरकारी नोकरीतल्या माणसांनी आपल्या सेवाशर्ती आधी तपासाव्यात. नोकरीत असताना दुसरा व्यवसाय करायला बहुतेक ठिकाणी परवानगी लागते. बायकोच्या नावाने आयडी काढून नवऱ्याने काम करायचं, ही युक्ती कागदावर चालून जाते, पण मत्तय ५:३७ पुढे चालत नाही. तिथे होय म्हणजे होय आणि नाही म्हणजे नाही, एवढंच आहे.

दुसरी पायरी: वही घाला

लूक १४:२८ मध्ये बुरूज बांधू पाहणारा आधी बसून खर्चाचा अंदाज करतो. मी तीन वर्षं बसलेच नव्हते. कमिशन बँकेत आलं की आनंद व्हायचा. खर्च पर्समधून, पेट्रोलमधून, किराणाच्या पैशांतून जायचा, तो एका जागी दिसायचाच नाही.

नवऱ्याने एकदा तीन महिन्यांचा हिशेब मांडायला लावला. कमिशन आणि किरकोळ नफा मिळून आले ६,३०० रुपये. महिन्याच्या टार्गेटचे पॉइंट पुरे करायला मी स्वतः घेतलेला माल ७,५०० चा. त्यातला साबण, टूथपेस्ट वगैरे घरात लागलाच असता, तो किराणा दुकानाच्या भावाने २,७०० चा धरला. म्हणजे जादा गेले ४,८००. तासगाव, आष्टा, कवठेमहांकाळच्या फेऱ्यांचं पेट्रोल १,४५०. कोल्हापूरच्या सेमिनारचं तिकीट, प्रवास, जेवण ९००. बुडालेली उधारी ७००. एकूण ७,८५०. तीन महिने राबून माझे १,५५० रुपये घरातून गेले होते, आणि त्याच तीन महिन्यांत मला स्टेजवर बोलावून टाळ्यांच्या गजरात वरच्या टप्प्याची पिन लावली होती.

तुमची वही अशी घाला. डाव्या पानावर आलेला प्रत्येक रुपया. उजव्या पानावर पाच रकाने: स्वतःसाठी घेतलेला माल, प्रवास, मीटिंग-सेमिनार, फोन-चहापाणी, न आलेली उधारी. घरात वापरलेल्या वस्तूला कंपनीची किंमत लावू नका. तशीच वस्तू कोपऱ्यावरच्या दुकानात कितीला मिळते ती लावा, नाहीतर हिशेब तुमच्या बाजूने खोटं बोलतो. पानाच्या खाली तास लिहा. तीन महिन्यांनी वही नवऱ्यासमोर किंवा बायकोसमोर उघडा. कमिशनवर कापला जाणारा टीडीएसही बघा आणि रिटर्न भरा. कैसराचं ते कैसराला.

हे माझ्याच बाबतीत घडलं असं नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ मध्ये अशा ७० कंपन्यांनी स्वतः जाहीर केलेली उत्पन्नाची पत्रकं तपासली. बहुसंख्य लोकांना वर्षाला हजार डॉलर किंवा त्याहून कमी मिळत होते, आणि बहुतेक पत्रकांत त्यांचा खर्च धरलेलाच नव्हता.

तिसरी पायरी: जिभेचं माप

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा ज्याने बघितला आहे त्याला मापाची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. पोत्याच्या वजनात खोट निघाली तर त्या माणसाचं नाव बाजारातून जातं. मापात पाप, असं आपण म्हणतो. नीतिसूत्रे ११:१ म्हणतं की खोट्या तराजूचा परमेश्वराला वीट येतो, आणि अनुवाद २५:१३ सांगतं की पिशवीत दोन तऱ्हेची वजनं ठेवू नका. आमच्या कामात तराजू नाही. आमचं माप म्हणजे आमचं बोलणं. विकताना एक वजन आणि उधारी मागताना दुसरं, ही दोन वजनं माझ्या पिशवीत होती.

सगळ्यात मोठं पाप आरोग्याच्या मालात होतं. मिरज हे दवाखान्यांचं गाव. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये इथे रुग्णालय उभारलं, तेव्हापासून कर्नाटकापर्यंतचे रोगी इथे येतात. आपल्या मंडळीतल्या कित्येक घरांत नर्स, टेक्निशियन, वॉर्डबॉय आहेत. अशा गावात ख्रिस्ती माणसाने "या पावडरीने शुगर जाते" म्हटलं की लोकांना ते खरं वाटतं, कारण आपल्या तोंडाला दवाखान्याचा वास आहे. आमच्या मीटिंगमध्ये ऐकून मीही असं बोलले आहे. एका मावशींनी माझं ऐकून शुगरच्या गोळ्या निम्म्या केल्या. पंधरा दिवसांत त्यांना ॲडमिट करावं लागलं. त्या वाचल्या. डॉक्टरांनी काय काय घेता असं विचारलं तेव्हा त्यांनी माझं नाव सांगितलं नाही. मला सांभाळून घेतलं.

औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४ मध्ये मधुमेह, कर्करोग, रक्तदाब, हृदयविकार असे कितीतरी रोग दिले आहेत. ते बरे करण्याची जाहिरात करता येत नाही, आणि या कायद्यात तोंडी घोषणाही जाहिरातीत धरली आहे. थेट विक्रीच्या नियमांनुसार कंपनीने मान्य न केलेला दावा विक्रेत्याला करता येत नाही, कंपनीने मंजूर न केलेलं पत्रक वाटता येत नाही. म्हणजे व्हॉट्सॲपवर फिरणारा "कॅन्सर गेला" असा व्हिडिओ पुढे पाठवणं कायद्यानेही चूक आहे.

मी आता जे बोलते ते इथे जसंच्या तसं लिहिते, हवं तर वापरा.

"काकू, ही खाण्याची पूरक वस्तू आहे, औषध नाही. तुमच्या डॉक्टरांना डबा दाखवा, ते हो म्हणाले तरच घ्या. चालू असलेली एकही गोळी माझ्या शब्दावर कमी करू नका."

"याची किंमत ८५० आहे. अशाच प्रकारची दुसरी पावडर मेडिकलमध्ये ५०० पर्यंत मिळते. दोन्ही बघून ठरवा."

"मला यात महिन्याला हजार-बाराशे सुटतात. त्याहून जास्त सुटेल असं मी सांगू शकत नाही."

हे तिसरं वाक्य म्हणायला मला सगळ्यात जड गेलं. मीटिंगमध्ये शिकवतात की मिळेपर्यंत मिळाल्यासारखं वागा. उधारीवर घेतलेला सूट, भाड्याच्या गाडीसमोर काढलेला फोटो. इफिसकरांस पत्रात पौल म्हणतो, लबाडी टाकून द्या आणि प्रत्येकाने आपल्या शेजाऱ्याशी खरं बोला. फोटोसुद्धा बोलतो.

साक्ष या शब्दाबद्दलही एक सांगायचं आहे. आपल्याकडे प्रार्थनासभेत उभं राहून देवाने काय केलं ते सांगतात, ती साक्ष. बिझनेस मीटिंगमध्ये उभं राहून गुडघे कसे बरे झाले ते सांगतात. सूर तोच, "प्रभूची स्तुती असो"ही तेच. ऐकणाऱ्याला मग दोन्ही एकाच तागडीत दिसू लागतात. मी मालाबद्दल बोलताना साक्ष हा शब्द वापरणं बंद केलं. अनुभव म्हणते, आणि तोही माझाच असेल तर.

वचनांचंही तसंच. तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत असं सांगणारं यिर्मया २९:११ हे तर प्रत्येक सेमिनारच्या पडद्यावर झळकतं. ते पत्र बाबेलात बंदिवासात गेलेल्या लोकांना लिहिलेलं आहे, आणि त्याच्या आधीच्याच वचनात सत्तर वर्षं थांबावं लागेल असं म्हटलं आहे. मला सामर्थ्य देणाऱ्याच्या द्वारे मी सर्व काही करू शकतो, हे फिलिप्पैकरांस ४:१३ पौलाने बंदिवासातून लिहिलं, आणि आधीच्या वचनात तो उपाशी राहायलाही शिकलो आहे असं सांगतो. ही वचनं टार्गेटसाठी लावायची नाहीत. ज्या दिवशी घरात खरंच काही नसेल त्या दिवशी ती आपल्याला लागणार आहेत.

चौथी पायरी: मंडळी आणि धंदा यांच्यामध्ये भिंत

योहान २ मध्ये प्रभू मंदिरात चौरंग उलथतो आणि म्हणतो, माझ्या पित्याच्या घराला बाजार करू नका. ते विक्रेते लागणाऱ्याच वस्तू विकत होते, यज्ञासाठी कबुतरं हवीच असायची. तरीही त्याने त्यांना बाहेर काढलं. म्हणून "माझा माल चांगला आहे" हे उत्तर चर्चच्या आवारात मला पुरत नाही.

माझे नियम असे आहेत. चर्चच्या आवारात माल, कॅटलॉग, वही काही नाही. रविवारी धंद्याचा फोनही नाही. मंडळीचा व्हॉट्सॲप ग्रुप, सभासदांची यादी, भगिनी मंडळाचे नंबर यांतून गिऱ्हाईक शोधायचं नाही. ते नंबर आजारपणात आणि मयतीत निरोप द्यायला घेतलेले आहेत. आजाऱ्याला भेटायला गेले तर पिशवी घरी ठेवून जाते. प्रार्थनाविनंतीत कुणी सांगितलं, "पैशांची फार ओढाताण आहे, प्रार्थना करा," तर त्या घरी धंद्याची गोष्ट काढायची नाही, निदान सहा महिने. हा शेवटचा नियम मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आमच्या ट्रेनिंगमध्ये "गरज ओळखा" असं शिकवतात, आणि प्रार्थनासभेत लोक आपली गरज स्वतःच्या तोंडाने, रडून सांगतात. ती ऐकून घेऊन सोमवारी कॅटलॉग नेणं म्हणजे चोरी आहे. मी ती केली आहे.

चर्चमध्ये पद असेल तर अजून जपावं. संडे स्कूलची टीचर, मंडळीचा सेक्रेटरी, खजिनदार, भगिनी मंडळाची अध्यक्षा, यांना लोक सहसा नाही म्हणू शकत नाहीत. पद असेपर्यंत आपल्या मंडळीतल्या कुणालाही डाउनलाइनमध्ये, म्हणजे माझ्या हाताखाली जोडून, घ्यायचं नाही, असं मी ठरवलं आणि पाळकसाहेबांना तसं लिहून दिलं. पाळकांना तर या कामात ओढूच नये. पाळकांच्या घरात आयडी असला की अख्ख्या मंडळीला "हे चालतं" असा निरोप जातो.

मंडळीतल्या कुणी आपणहून विचारलं तर? मी म्हणते, "सोमवारी घरी या, नवऱ्याला घेऊन या." निम्म्या जणी सोमवारी येत नाहीत, आणि ते बरंच आहे.

कुणी म्हणेल, लुदियाही व्यापार करायची. खरं आहे. प्रेषितांची कृत्ये १६ मधली लुदिया थुवतीराची, जांभळी वस्त्रं विकणारी. विश्वास ठेवल्यावर तिने पौलाला आणि त्याच्या सोबत्यांना आपलं घर उघडून दिलं. व्यापारातलं तिने मंडळीकडे आणलं ते घर आणि पाहुणचार. तंबू करणाऱ्या पौलाने तर थेस्सलनीकाकरांना आठवण करून दिली की तुमच्यावर भार पडू नये म्हणून आम्ही रात्रंदिवस काम केलं. व्यापाराला पवित्र शास्त्रात कमीपणा नाही. आपल्या मंडळीवर आपला भार पडतो का, एवढंच मला विचारावं लागतं.

पाचवी पायरी: कुणाला जोडायचं, आणि कुणाला नाही

माल विकताना नुकसान झालं तर पाचशे-हजाराचं होतं. माणूस जोडताना त्याच्या घराचं होऊ शकतं. २०१९ च्या महापुरात कृष्णेचं पाणी घराघरांत शिरलं, त्यानंतरच्या वर्षी टाळेबंदी आली. दुकान गेलेली, नोकरी सुटलेली माणसं तेव्हा आमच्या मीटिंगना मोठ्या आशेने यायची. त्यांतल्या काहींना मी जोडलं. बचत गटाचं कर्ज काढून एका ताईंनी माल भरला. कर्जाचा हप्ता आठवड्याचा, माल खपायला महिने.

आता मी कुणाला जोडायचं झालं तर असं करते. पहिल्या भेटीला नवरा-बायको दोघं हवेत. अगोदर वेळ ठरवून आणि ओळखपत्र घेऊनच जायचं, हे नियमातही आहे. माझी वही त्यांच्यासमोर ठेवते, तोट्याच्या तीन महिन्यांसकट. त्या दिवशी सही घेत नाही, निदान एक आठवडा जाऊ देते. "ऑफर आज रात्री संपते" असं अपलाइन म्हणत असेल तर ऑफर जाऊ देते. कर्ज, दागिना गहाण, मुलांच्या फीचे पैसे, यांतलं काही येणार असेल तर मी स्वतःच नाही म्हणते. पहिले सहा महिने त्यांनी गिऱ्हाइकाची ऑर्डर हातात असल्याशिवाय माल उचलायचा नाही.

विधवा, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बायका आणि नुकताच बाप्तिस्मा घेतलेली माणसं, यांना मी जोडतच नाही. नवीन विश्वासणाऱ्याचे जुने नातेवाईक दुरावलेले असतात. मंडळी हेच त्याचं घर असतं. तिथे त्याला पहिली ओळख अपलाइन म्हणून झाली, तर पुढे धंदा सोडताना त्याला घरही सोडावं लागेल असं वाटतं. तशी माणसं मी बघितली आहेत. धंदा बसला आणि ती चर्चला यायचीही थांबली.

डाउनलाइनला महिनाअखेरीस फोन करण्याची पद्धत मी सोडली. माझा टप्पा चुकला तर चुकू दे. दुसऱ्याच्या पैशाने माझी पिन वर जात होती.

सहावी पायरी: रविवार, मीटिंग, दशांश

सेमिनार बहुतेक रविवारी सकाळी असतात, उपासनेच्याच वेळेला. मी अपलाइनना एकदाच लेखी कळवलं की रविवारी दुपारी दोनपर्यंत मी येणार नाही. थोडी कुरबूर झाली, मग सवय झाली.

मीटिंगच्या सुरुवातीला दीपप्रज्वलन, आरती, दिवाळीत ऑफिसात लक्ष्मीपूजन असतं. मी आदराने मागे उभी राहते, भाग घेत नाही, आणि हे आयोजकांना आधीच नम्रपणे सांगून ठेवते. ऐनवेळी तोंड फिरवलं तर त्यांचा अपमान होतो. आमच्या टीममधल्या बहिणींनी हे समजून घेतलं, आणि नाताळला त्या माझ्या घरी फराळाला येतात.

दशांशाबद्दल, म्हणजे कमाईतला दहावा भाग देवाला देण्याबद्दल, थोडक्यात. "दशांश दे, कमिशन दुप्पट होईल" असं शिकवणारे आहेत. देवाला वरच्या पातळीवर बसवून त्याच्याकडून बोनस मागू नका. वहीतून खर्च वजा जाऊन जे खरंच उरतं त्यातून आनंदाने द्या. ज्या महिन्यात तोटा आहे त्या महिन्यात उधार काढून अर्पण देऊ नका.

सातवी पायरी: जक्कयाचं काम

इथे मला सगळ्यात जास्त वेळ लागला. लूक १९ मध्ये कर गोळा करणारा जक्कय उभा राहून म्हणतो की अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत देतो. प्रभूने त्याला आकडा सांगितला नव्हता. मला चौपट जमणारं नव्हतं. एकपट तरी द्यायचं ठरवलं.

वहीतून आणि आठवणीतून अकरा घरांची यादी काढली. ज्यांना मी खोटं किंवा फुगवून सांगून माल दिला होता, किंवा ज्यांना दबावाने जोडलं होतं, ती घरं. प्रत्येक नावापुढे रक्कम लिहिली. एकूण ३१,००० च्या आसपास झाली. नवऱ्याला दाखवली, कारण पैसे दोघांच्या घरातून जाणार होते. तो रात्रभर गप्प होता. सकाळी म्हणाला, महिन्याला दीड हजार बाजूला काढू.

तुम्हाला असं करायचं असेल तर काही गोष्टी लक्षात ठेवा. आधी कंपनीच्या करारातलं माल परतीचं कलम वाचा. मुदतीतला, सील न फोडलेला माल परत जाऊ शकतो. कंपनी ऐकत नसेल तर तक्रार अधिकाऱ्याला लेखी द्या, तरी नाही झालं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन करा. परतीची मुदत गेलेल्या मालाचं काही करता येत नाही, ते पैसे तुमच्या खिशातून द्या. लोकांकडे जाताना फोनवर माफी मागू नका, घरी जा. पैसे पाकिटात घालून न्या. आणि बोलताना कंपनीला, अपलाइनला दोष देऊ नका. "मला तसं शिकवलं होतं" हे वाक्य निघालं की माफी तिथेच फुकट जाते. मी एवढंच म्हणायचे: "मी तुम्हाला जे सांगितलं ते खरं नव्हतं. माल विकायचा होता म्हणून सांगितलं. हे तुमचे पैसे."

पहिल्यांदा काकूंकडे गेले. त्यांची तर माझ्याकडेच २,४०० ची उधारी होती. ती वहीत खोडली आणि आधी दिलेले बाराशे परत दिले. त्यांनी नोटा मोजल्या, त्यातली एक नोट फाटलेली होती ती परत करून दुसरी मागितली, मग चहा टाकला. तीन डबे कपाटातून काढून माझ्या पिशवीत ठेवले. दोन तर उघडलेलेही नव्हते.

शुगरच्या मावशींनी पैसे घ्यायला नकार दिला. त्यांच्या सुनेने घेतले आणि मला बसायलाही सांगितलं नाही. त्यात तिची काही चूक नव्हती.

बचत गटाच्या ताईंचं देणं सगळ्यात मोठं होतं, नऊ हजार. ते सहा हप्त्यांत दिलं. त्या आता चर्चला येत नाहीत, दुसरीकडे जातात. रस्त्यात भेटल्या तर जय ख्रिस्त म्हणतात.

अकरापैकी नऊ घरं झाली आहेत. एक कुटुंब पुण्याला गेलं, त्यांचा पत्ता मिळाला आहे, पुढच्या महिन्यात लग्नाला जाणार आहे तेव्हा भेटेन. एक बेडगला आहेत, द्राक्षबागेच्या छाटणीत गुंतलेले. छाटणी उरकली की या म्हणाले आहेत. त्यांचे अठराशे रुपये पाकिटात घालून ठेवले आहेत.